सेकंदाला साठ

मी एक जुना मॉनिटर आहे. माझं जन्मसाल पाठीवरच्या पट्टीवर छापलेलं आहे, पण पाठ भिंतीकडे असते. वय बघायचं तर मला उलटं करावं लागेल. तेवढे कष्ट आजवर कोणी घेतले नाहीत.

मित्रांनो, माझं काम एका ओळीत सांगता येतं. सेकंदाला साठ चित्रं. वरच्या कडेपासून एकेक रेघ काढत खालच्या कडेपर्यंत यायचं, की पुन्हा वर. एकसष्टावं मला जमत नाही आणि एकोणसाठावर मी कधी अंग काढून घेतलेलं नाही.

पहिली नऊ वर्षं मी एका कचेरीत काढली. तिथल्या कारकूनबाई दिवसभर हजेरीचा एकच तक्ता उघडून बसत आणि मी तो काढत बसे. त्या माझ्या कपाळावर पिवळ्या चिठ्ठ्या डकवत. एका चिठ्ठीवर ‘चिठ्ठ्या आणणे’ असं लिहिलेलं होतं. पुढे तिथे रुंद, चकचकीत मॉनिटर आले आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. वाटलं, सुटलो. तिथून मला एका बसड्रायव्हरने उचललं.

हा गृहस्थ एकतीस वर्षं बस चालवून नुकताच घरी बसला होता. बसला म्हणजे नावाला. बायको बोलायला लागली की त्याचा उजवा पाय आपोआप फरशी दाबायचा, ब्रेक असल्यासारखा. बायको त्याच खोलीत खिडकीपाशी शिवणकाम करायची. त्यांची एकुलती लेक, घरात तिला भिंगरी म्हणत, दोन दिवसांच्या प्रवासावरच्या गावी नर्स होती. जाण्यापूर्वी तिने बापाच्या संगणकावर ट्रक चालवायचा खेळ घालून दिला होता, आणि टेबलाला लावायचं छोटं स्टिअरिंगही. दर रविवारी सकाळी दोघं आपापल्या घरून आपापला ट्रक काढत आणि कानाला हेडफोन लावून एकाच रस्त्यावर पुढे-मागे जात.

फोनवर या दोघांचं जमत नसे. “जेवलीस?” “जेवले.” “ठेव मग.” संपलं. पण हात स्टिअरिंगवर असले की ड्रायव्हरला बोलता येई आणि लेकीला सांगता येई. वॉर्डातली भांडणं, घरमालकिणीचा खवटपणा, सगळं. एका लांबलचक पुलावर तिने कोणी एक आवडत असल्याचंही सांगितलं. त्यावर ड्रायव्हरने गिअर बदलला. पूल संपल्यावर विचारलं, “गाडी चालवतो का नीट?”

मग खेळ अडखळायला लागला. संगणक जुना, शिवाय आत धुळीची गोधडी. तो मला सेकंदाला जेमतेम चोवीस चित्रं देई आणि ट्रक उचकी लागल्यासारखा चाले. दुरुस्तीवाला आला. त्याने धूळ काढली, चित्रं तयार करणारं नवं कार्ड बसवलं आणि माझ्या कोपऱ्यात एक आकडा उमटवला.

“काका, चोवीसचे एकशे बेचाळीस केले.” जाता जाता त्याने सेटिंगमधलं व्ही-सिंक, म्हणजे कार्डाला माझ्यासाठी थांबायला लावणारी सोय, बंद केलं. “हे चालू ठेवलं की आकडा खाली बसतो.”

ड्रायव्हरने हा आकडा शेजारच्या मास्तरांना सांगितला. मास्तरांनी विचारलं, “एकशे बेचाळीस काय?”

“ते माहीत नाही. पण आधी चोवीस होते.”

माणसाला आकडा वाढला की बरं वाटतं, कशाचा ते नंतर बघतो. इकडे माझे हाल सुरू झाले. मी एक चित्र कमरेपर्यंत काढतोय, तोवर कार्ड पुढचं हातात कोंबे. मग वरचा अर्धा भाग आधीचा, खालचा नंतरचा. सरळ रस्त्यावर ते खपून जाई. वळण आलं की विजेचा खांब मधोमध तुटे आणि त्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या जागी उभे राहत.

तीन रविवार असे गेले. मित्रांनो, ज्याने एकतीस वर्षं मागे न बघता खांद्यावरून प्रवाशांना ओकारीच्या पिशव्या दिल्या, “लांब बघा, लांब,” असं वर ऐकवलं, त्यालाच गाडी लागायला लागली, आणि तीही खुर्चीत बसून. हे सांगणार कोणाला? तो लेकीला म्हणाला, पाठ धरलीय. पुढच्या खेपेला म्हणाला, पाहुणे यायचेत. मी सगळं मोजत होतो. दोन तास होते, त्याचा सव्वा झाला, मग पन्नास मिनिटं. शेवटच्या रविवारी अठरा.

त्या अठराव्या मिनिटाला लेक म्हणाली, “बाबा, कंटाळा येत असेल तर राहू द्या. मी रविवारची पाळी घेते. त्यांना माणसं हवीच आहेत.”

“बघ तुझं.”

“मग पुढच्या महिन्यापासून घेते.”

“घे.”

हेडफोन काढून त्याने डोळे मिटले. माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला.

शनिवारी दुपारी दुरुस्तीवाल्याला पुन्हा बोलावलं. त्याने केबल बदलली, ट्रक वळणावरून नेऊन बघितला, माझ्या पाठीत दोन चापट्या मारल्या आणि निकाल दिला. “मॉनिटर म्हातारा झालाय. नाहीतर अजून मोठं कार्ड टाकू, आकडा दोनशेवर जाईल.”

खिडकीपाशी मशीन थांबलं. बायकोने तोंडातला दोरा काढला. “अहो, तो खांब बघा. चौकडीचं कापड जोडताना रेघेला रेघ जुळली नाही की असंच दिसतं. कापड चांगलं असतं, मशीन चांगलं असतं. शिवणाऱ्याला घाई असते.”

“काकू, हे कापड नाही,” दुरुस्तीवाला हसला.

“दिसतंय मला. कापड असतं तर तुमच्या हातात दिलं नसतं.”

ती उठली, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “भिंगरे, तुझ्या बापाला कंटाळा नाही आलाय. त्याला गाडी लागतेय.”

“काही गाडीबिडी लागत नाही मला,” ड्रायव्हर म्हणाला.

पलीकडून लेकीने विचारलं, “बाबा?”

“वळणावर. जराशी.”

“कोपऱ्यात आकडा किती येतो?”

“एकशे बेचाळीस,” तो म्हणाला. तेवढ्यातही छाती थोडी वर आलीच.

“आणि मॉनिटर साठचा. माझ्याकडे हेच झालं होतं. त्याचं एक चित्र पुरं होऊ द्या, मगच दुसरं द्या. व्ही-सिंक चालू करा आणि आकडा साठावर बांधून टाका.”

“मॅडम, आकडा पडेल,” दुरुस्तीवाल्याने बजावलं.

“पडू दे.”

ड्रायव्हरला ते जड गेलं. मास्तरांना आता काय सांगायचं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग एकदम म्हणाला, “म्हणजे कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही.”

“हो, बाबा.”

“मग असं सांगायचं ना.” त्याने दुरुस्तीवाल्याकडे वळून बघितलं. “एवढे दिवस बिनघंटीची गाडी चालवत होतो मी.”

सेटिंग बदललं. आकडा साठावर येऊन बसला. ड्रायव्हरने ट्रक काढला, वळण घेतलं. खांब अखंड. परत फिरून तेच वळण दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. फोन चालूच होता.

“ती पाळी घेतलीस का?” त्याने समोर बघतच विचारलं.

“सोमवारी नाव द्यायचंय.”

“देऊ नकोस.”

“बरं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबा, तुम्हाला नवा मॉनिटर पाठवते. एकशे चव्वेचाळीसचा.”

मित्रांनो, खरं सांगतो, मी मनात हो म्हणून टाकलं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर कोणालाही सुट्टी हवीशी वाटते.

“कशाला?” ड्रायव्हर म्हणाला. “याला काय झालंय?”

म्हणजे मी निर्दोष ठरलो, आणि शिक्षा वाढली. आता दर रविवारी तीन-तीन तास. लेक बोलते, बाप ऐकतो, त्या पुलावरून ते अजूनही जातात. ज्याचा विषय तिथे निघाला होता त्याला गाडी चालवता येते, असं परवा कळलं.

कौतुकाचं मला फारसं काही नाही. जुन्या वस्तूंना सांभाळा, असं सगळेच सांगतात. मी एवढंच मागतो, की वस्तूला झेपेल तेवढंच द्या, आणि काम झालं की मोकळं करा. ड्रायव्हर हसत हसत जेवायला उठतो आणि ट्रक पंपावर तसाच उभा राहतो. रस्त्यावर कोणी नसतं, खुर्चीत कोणी नसतं. मी मात्र तो उभा ट्रक काढत बसतो, संध्याकाळपर्यंत. माझं बटण खाली उजवीकडे आहे, मित्रांनो. उठताना तेवढं दाबत जा.