चारशे बारा नावं

"पासवर्डचा रकाना पुन्हा कोराच, सिस्टर," सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या चेयुने साहेबानं कुलूपबंद यादी पाठवायच्या परवान्याचा अर्ज परत सरकवला.

नासोलो सिस्टर नुकतीच, मोठ्यांपुढं वाकायच्या तिकडच्या बायांच्या रीतीप्रमाणं, साहेबापुढं गुडघे टेकून, त्याच्या घरच्यांची खुशाली विचारून उठली होती. मसाकाहून राजधानीची, कंपालाची ही तिसरी खेप. वयानं तो तिच्या धाकट्या भावाहूनही लहान, पण खुर्ची त्याची.

"साहेब, त्या यादीत एचआयव्हीच्या बायांची नावं आहेत. कित्येकींच्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. म्हणून तर कॉम्प्युटरवरून कुलूपबंद पाठवते."

"तेच तर. कुलपात काय जातंय ते सरकारला नको कळायला? देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

"चारशे बारा बाया आहेत. निम्म्यांना दवाखान्याचा चढ चढवत नाही. त्या काय देश उलथवणार?"

"मला कशाला सांगता? नियम मी नाही केला." त्यानं चहाचा घोट घेतला. "एक तारखेपासून परवाना नाही तर यादी पुढं जाणार नाही. यादी नाही तर गोळ्या नाहीत."

"आणि हे पासवर्ड ठेवता कुठं?"

त्यानं मागच्या कपाटाकडं बोट केलं. कपाटाचं दार लागत नव्हतं, म्हणून त्याला खुर्ची टेकवून ठेवली होती.

सिस्टरचं डोकं भणाणलं. एकोणीस वर्षं एकेकीचा हात हातात घेऊन तिनं सांगितलं होतं, तुझं नाव मला आणि गोळ्या पाठवणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक, बाकी कुणाला कळणार नाही. त्या शब्दावर बाया येत होत्या. पण गोळ्याच थांबल्या तर तो शब्द काय चाटायचाय? तिनं रकाना भरला. संतापाच्या भरात अक्षर वाकडं आलं, तर हा बाबा म्हणतो, "जरा सुवाच्य लिहा."

मंगळवारी दवाखान्यात पहिली आली नामाता. विशीतली, कडेवर पोर. तिचा दर वेळचाच प्रश्न, "सिस्टर, नाव बाहेर जात नाही ना?"

'नाही जात' म्हणणं सोपं होतं. सिस्टरनं दार लोटून घेतलं.

"आता सरकारलाही यादी उघडता येते, पोरी. पासवर्ड मी देऊन आले."

"मला न विचारता?"

टेबलाचा आधार घेत सिस्टर हळूहळू खाली वाकली आणि लेकीच्या वयाच्या त्या पोरीपुढं तिनं गुडघे टेकले.

नामातानं तिला उठवलं नाही. गोळ्यांची डबी उचलली, पोर पाठीला बांधलं आणि ती निघून गेली.