साडेसहाचं काडतूस

नेमबाजीच्या मैदानावर तूवानं नवी बंदूक टेबलावर ठेवली आणि शेजारी काडतुसांची पेटी. जाड, बोटाएवढी काडतुसं, नऊ मिलिमीटरच्याही वरची. यालमारनं एक उचलून पाहिलं आणि परत पेटीत ठेवलं.

"ओस्तेननं सांगितलं तेच आणलंय," ती म्हणाली. "आता तरी चालेल ना, यालमारकाका?"

यालमार पासष्टीचा. गावच्या शिकारटोळीत अडतीस वर्षं काढलेला. कुठल्या जनावराला कुठलं काडतूस, हा प्रश्न आला की सगळे त्याच्याकडे बघायचे आणि यालमारही मोठ्या तोऱ्यात उत्तर द्यायचा. घोड्याहून उंच मूस, म्हणजे उत्तरेकडचं थोराड हरीण, पाडायचं तर गोळी वजनदार हवी, हे त्याचं ठरलेलं पालुपद. त्यामुळेच तर गेल्या वर्षीचा घोटाळा झाला.

गेल्या वर्षी एकाच मूसवर दोघांनी गोळी झाडली होती, शेजारच्या दोन मोक्यांवरून, म्हणजे जनावराची वाट बघत उभं राहायच्या जागांवरून. तूवानं तिच्या वडिलांच्या साडेसहा मिलिमीटरच्या बंदुकीतून आणि यालमारनं आपल्या नऊ मिलिमीटरच्या बंदुकीतून. जनावर जखमी होऊन पळालं. दोन दिवस कुत्र्यामागे चिखल तुडवल्यावर ते दलदलीच्या कडेला मरून पडलेलं सापडलं. तोपर्यंत कावळ्यांनी आणि कोल्ह्यांनी त्याचं पार वाटोळं केलं होतं. टोळीचा म्होरक्या ओस्तेन गाडी आणायला गेला तेव्हा यालमार मेलेल्या मूसजवळ एकटाच होता. त्यानं पोटात हात घातला, तर हाताला लागली जाड गोळी. त्याची स्वतःची. दुसऱ्या गोळीची जखम कुठेच नव्हती; तूवाची गोळी मूसला शिवलीच नव्हती.

त्यानं ती चिखलात फेकली. झालं. इतकं सोपं होतं ते.

टोळीनं आपसूक निकाल लावला: यालमारची मोठी गोळी लागली असती तर जनावर जागीच पडलं असतं, म्हणजे लागली ती पोरीची; पोरीचं काडतूस लहान, म्हणून जनावर हाल होऊन मेलं. याच साडेसहानं तिच्या बापानं, गुन्नारनं, तीसेक मूस लोळवली होती, पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं तरी गुन्नारचा हात वेगळा होता, असं म्हणून मोकळे झाले. मोठी बंदूक घे, नाहीतर मोक्यावर उभी राहू नकोस, असं तिला ठणकावलं. यालमार मूग गिळून बसला. आपल्या अडतीस वर्षांना डाग लागू नये, एवढंच त्याला दिसत होतं. असल्या माणसाला शहाणा म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

आणि आज चाचणीचा दिवस. सोमवारी शिकार सुरू व्हायची होती. रुळांवरून सरकणाऱ्या लाकडी मूसवर चार गोळ्या मारायच्या, दोन ते थांबलेलं असताना, दोन ते धावताना. ज्याची एकही चुकेल त्याला यंदा मोका नाही, हा या टोळीचा नियम. सराव तेवढा हवा तितका करायची मुभा होती. बाकीचे खोपटात शेगडीभोवती सॉसेज भाजत बसले होते.

सरावाच्या पहिल्या तीन गोळ्यांत तूवाची एक पायाला लागली आणि दोन हवेत गेल्या. पूर्वी हीच पोर सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसवायची. यालमारला कळायला वेळ लागला नाही. त्यानं बंदूक आपल्याकडे घेतली, तिला पाठ करून उभं राहायला सांगितलं आणि काडतूस न भरताच परत दिली.

"भरली आहे. मार."

तिनं चाप ओढला. नुसता खटका वाजला, पण नळीचं तोंड झपकन खाली गेलं आणि तिचे डोळे मिटले होते. दणका बसायच्या आधीच अंग चोरलं होतं तिनं.

यालमार समजावू लागला, की असं भल्याभल्यांचं होतं. बंदूक खांद्याला झेपत नसेल तर हात आधीच घाबरतो आणि लांब गेलेल्या मोठ्या गोळीपेक्षा जागेवर बसलेली लहान गोळी कधीही बरी. हे शहाणपण तो वर्षभर उशिरा पाजळत होता.

तूवानं बंदूक टेबलावर ठेवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षीही मी अशीच घाबरले असणार. काडतूस लहान नव्हतंच. मीच चुकले."

यालमारला वाटलं, आता इथंच गप्प बसलं तर ही पोर जन्मभर हेच धरून बसेल.

"ती गोळी माझी होती, तूवा. मी मूसच्या पोटातून काढली आणि फेकून दिली."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला.

"मला एकटीला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "आत जा आणि सगळ्यांसमोर सांगा."

तो गेला आणि गोळीची सगळी गोष्ट सांगून टाकली. सॉसेज जळायला लागलं तरी कुणी काडी हलवली नाही. ओस्तेननं त्याच्याकडे न बघता सांगितलं, की यंदा त्याला मोका नाही, त्यानं कुत्र्यांमागे चालायचं. यालमारनं मान्य केलं. पोरीला कुठलं काडतूस द्यायचं, असं ओस्तेननं विचारलं, तेव्हा यालमार म्हणाला, तिच्या बापाचं, साडेसहाचं. दोष त्या काडतुसाचा कधीच नव्हता.

तूवा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तो बाहेर आल्यावर तिनं वाट अडवली.

"आईला मी सांगितलं होतं, की माझ्या हातून ते जनावर तडफडून मेलं. आठवडाभर तिनं माझी समजूत काढली. आणि तुम्ही आमच्याच टेबलाशी बसून ऐकत होतात."

ते खरं होतं. गुन्नार गेल्यापासून दर रविवारी यालमार त्यांच्याकडे कॉफीला जायचा. दालचिनीचे गोड पाव गरम असतानाच त्याच्यासमोर यायचे.

"मी येऊन सांगतो तिला," तो म्हणाला.

"नको. मी सांगते," तूवा म्हणाली. "तुम्ही रविवारी नेहमीसारखे या. ती काय म्हणते, ते तुमच्या कानांनी ऐका."

यालमारनं होकारार्थी मान हलवली. रविवारला अजून चार दिवस होते.