कोआलाच्या अंगठ्याचा ठसा

राजापेठेतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन' लिहिलंय. खरा धंदा आत चालतो. शाळा पोरांना प्रोजेक्ट देते, पोरं आयांना देतात, आया आम्हाला देतात. मी लिहिते, चित्रं चिकटवते, अक्षर मुद्दाम वाकडंतिकडं काढते, म्हणजे पोरानंच काढल्यासारखं दिसावं. बारावी नापास बाईच्या हातानं या गावातल्या किती वकील-डॉक्टरांची लेकरं हुशार ठरली, ते मला विचारा. मालक खुशालराव पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "शालू, हात तुहा, नाव गिऱ्हाइकाचं. अन् तोंड बंद."

ठेवलं.

यंदा चौथीला विषय आला, कोआलाच्या गमतीजमती. दहा वाक्यं लिहायची, पाठ करायची, स्टेजवर बोलायची. वर्गातून एकच जण अकोल्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. माझी देवश्री त्याच वर्गात आहे, फुकट प्रवेशाच्या पंचवीस टक्क्यांतली. तिला अकोल्याला जायचंच होतं. शाळेच्या वाचनालयातलं प्राण्यांचं जाडं पुस्तक तिनं तीनदा आणलं.

शाळा सुटली की ती दुकानातच बसते. मी कात्री चालवते, ती वाचून सांगते.

"आई, कोआला अस्वल नाईच. पोटाच्या पिशवीत पिल्लू ठेवते थे. कांगारूचं नातलग."

"बरं."

"अन् दिवसातून अठरा-अठरा घंटे झोपते."

"खुशालरावावानी?"

"हळू बोल नं! थे निलगिरीचा पाला खाते. पाला जहरी असते. म्हून पिल्लू आधी मायची पातळ शी खाते, मंग त्याले पाला पचते."

"छी वं!"

"छी काहून? मायनंच देल्ली असते नं."

मग तिनं दुकानाच्या शिक्क्याच्या पॅडवर अंगठा टेकवला आणि आपल्या कागदाच्या कोपऱ्यात उमटवला. निळा, गोल. "कोआलाच्या बोटाचे ठसे माणसासारखेच असतात. त्यानं चोरी केली, तर पोलीस माणसालेच धरतीन!"

ठशाचं पुस्तकात होतं. पोलिसाचं नव्हतं. ते तिचं होतं. मी इतकी हसले की कात्री खाली पडली.

दोन दिवसांनी साधना मॅडम आल्या. नवरा वकील. त्यांचा शुभंकर देवश्रीच्याच वर्गात. "शालूताई, कोआला करून द्या हो. याला अबॅकस, स्केटिंग, वेळच नाही. आणि काहीतरी हटके टाका."

नऊ वाक्यं सरळ निघाली. दहावं हटके पाहिजे होतं. डोक्यात दोन दिवस एकच वाक्य नाचत होतं, तेच उतरवलं. चोरी वाटली नाही मला. घरचंच तर होतं. मॅडम वाचून हसल्या, आणि शीचं वाक्य तेवढं खोडलं. "हे स्टेजवर कसं बोलेल तो?"

शनिवारी शाळेनं बोलावलं. वर्गशिक्षिका रागिणी मॅडमसमोर दोन कागद. साधना मॅडम खुर्चीत. देवश्री भिंतीला टेकून.

"पोलिसांचं वाक्य दोघांकडे अगदी सारखं आहे," रागिणी मॅडम म्हणाल्या. "शुभंकरचं सोमवारी आलं, हिचं बुधवारी. कॉपी केली, वर कबूल करत नाही. कागदावर हा शाईचा डाग."

"डाग नाई थो," देवश्री म्हणाली. "ठसा आहे."

आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. आता आई सांगते, असं.

"मॅडम, शुभंकरचं म्या लिहलं," मी म्हणाले. "दुकानात. थे वाक्य माह्या पोरीचं आहे. म्या उचललं."

साधना मॅडम लाजल्या नाहीत. वकिलाच्या घरात लाजायची पद्धत नसावी. "बघा," त्या म्हणाल्या, "म्हणजे दोघांचंही यांनीच लिहिलंय."

"मंग विचारा दोघाइले! पिल्लाले पाला कसा पचते, विचारा शुभंकरले!"

"हे काय कोर्ट आहे का?" रागिणी मॅडमनी कागद मिटले. "तुम्हीच म्हणता, तुम्ही लोकांच्या मुलांना लिहून देता. मग स्वतःच्या मुलीला नाही देणार? कोण विश्वास ठेवेल? आणि शुभंकरचा कागद निदान आधी आलाय."

आत गेले तेव्हा पोरगी चोर होती. माझ्या खऱ्या बोलण्यानं ती ढ झाली.

घरी जाताना ती एकदाच बोलली. "आई, थे मी तुले हसाले सांगतलं होतं. तू देल्लं काहून?"

शुभंकर अकोल्याला गेला. पालकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. पोलिसाच्या वाक्याला सगळा हॉल हसला. खाली अभिनंदनाची रांग, पहिलं अभिनंदन रागिणी मॅडमचं. मला वाटलं होतं, खुशालराव हाकलतील. नाही हाकललं. म्हणाले, तुह्याइतकं वाकडं अक्षर अमरावतीत कोणाले जमत नाई.

या आठवड्यात चौथीला पेंग्विन आलाय. चार ऑर्डरी आहेत. देवश्री दुकानातच बसते, तेच पुस्तक, ओठ हलतात, आवाज येत नाही. मधेच स्वतःशीच हसली.

"काय लिहून राहिली वं?" मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. डाव्या हाताचा पंजा वहीवर पालथा ठेवला, आणि मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळेपर्यंत उचलला नाही.