रिकाम्या खुर्चीपुढचं ताट

झेन्झीने पिठाचे तीन पेड हातात घेतले आणि गावभट्टीतली कुजबुज थांबली.

म्हातारी नॉटबुर्गा उगाचच भट्टीत वाकून निखारे सारू लागली. बाकीच्या बायका आपापल्या पाटावर नको तितक्या झुकल्या. झेन्झीने कोणाकडे न पाहता पेडावर पेड टाकला. उद्या सर्व संतांचा सण. दुपारची घंटा झाली की मेलेल्यांचे आत्मे एक दिवसापुरते घरी येतात. त्यांच्यासाठी रिकाम्या खुर्चीपुढे ताट मांडायचं, दूध ठेवायचं आणि गोड पिठाची वेणी भाजायची. शिवाय बाप्तिस्म्याला मूल हातात घेणाऱ्या धर्ममातेने आपल्या धर्मलेकराला वेगळी वेणी द्यायची. झेन्झीच्या आफ्राला ती दरवर्षी वाल्बुर्गाच्या हातची मिळे.

"वाल्बुर्गा, आफ्रा सकाळपासून जीव खातेय. माझी वेणी केवढी, म्हणते."

वाल्बुर्गाने हातावरचं पीठ झटकलं. दोघी लहानपणी एकाच बाकावर बसलेल्या, एकमेकींच्या लग्नात रडलेल्या.

"यंदा माझं पीठच फुगलं नाही बघ."

तिच्या पाटावर चार वेण्या फुगून तट्ट झाल्या होत्या.

"आणि या?"

"या इमानदारांच्या पोरांसाठी," कोपऱ्यातून कुणीतरी बोललं, आणि दोघी-तिघी नाकातल्या नाकात हसल्या.

"पोरीचं काय चुकलं गं त्यात?" नॉटबुर्गा भट्टीतून तोंड न काढता म्हणाली. "बापाचं बोलायचं तर बापाशी बोला."

"बापाला तोंड उरलंय कुठं? सगळं म्युनिकला खर्चून आला."

झेन्झीने आपली वेणी भट्टीत सरकवली. भाजून होईपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. वेणी एका बाजूने करपली, तरी तिने ती तशीच फडक्यात बांधली.

जूनपासून हे असंच चाललं होतं. म्युनिकच्या मोठ्या लोकांनी राजा लुडविगला वेडा ठरवलं, त्याच्याच गाडीत बसवून नेलं, आणि दोन दिवसांत त्याचं प्रेत तळ्यात सापडलं. म्युनिकला तो वेडा असेल. या खोऱ्यात तो बर्फातून घंटा वाजवत जाणारा, घसरगाडी थांबवून लाकूडतोड्याच्या पोराची विचारपूस करणारा राजा होता. ज्यांच्यावरून त्याला वेडा ठरवलं, त्या त्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर गेल्या कशा? ज्यांनी त्याचं मीठ खाल्लं, त्यांच्यातूनच कुणीतरी बोललं असणार. आणि डोंगरावरच्या शिकारघरात त्याला वाढायला असायचा झेन्झीचा नवरा, कोर्बिनियान.

मे महिन्यात त्याला म्युनिकचं बोलावणं आलं होतं. गेला, दोन दिवसांनी परत आला. काय झालं, ते त्याने सांगितलं नाही. पहिले काही दिवस झेन्झी गावाशी भांडली. मग भांडता भांडता तिचीच नजर बदलली. तो गुत्त्यात जाईनासा झाला होता. चर्चमध्ये सगळ्यांच्या मागे बसे. घरी कोपऱ्यातल्या क्रुसाखाली राजाची तसबीर होती, तिच्याकडे पाठ करून जेवे. झोपेत तरी काही बोलेल म्हणून ती कान देऊन पडून राही. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं: खरं निघालं, तर खिंडीत बर्फ पडायच्या आत आफ्राला घेऊन भावाकडे निघून जायचं. गद्दाराच्या पोरीला या खोऱ्यात पुढे नवरासुद्धा मिळणार नाही.

ती घरी आली तेव्हा कोर्बिनियान चुलीपाशी लाकडी चमचा कोरत बसला होता. आफ्रा त्याच्या पायाशी ढलप्या गोळा करत होती.

"माझी वेणी?"

"उद्या," झेन्झी म्हणाली.

कोर्बिनियानने मान वर करून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"तुला म्युनिकला काय विचारलं रे?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"विचारायचं ते विचारलं."

"आणि तू?"

"झेन्झी, दूध उतू जाईल."

चुलीवर दूध नव्हतंच.

"राजाची गोष्ट!" आफ्राने ढलप्या टाकून आईचा झगा ओढला. "खुर्चीची!"

झेन्झीला गोष्ट सांगायचा मुळीच धीर नव्हता, पण पोर वेणीचं विसरेल म्हणून तिने तिला मांडीवर घेतलं. ही गोष्ट मूळची कोर्बिनियानचीच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, हसू दाबत, त्याने फक्त तिलाच सांगितलेली.

"राजा जेवायला बसला. समोर रिकामी खुर्ची. तिच्यापुढेही ताट. राजा बाबांना म्हणाला, पाहुण्यांना वाढ. मग बाबांनी काय वाढलं?"

"दोन गोळे!"

"दोन गोळे! शिळ्या पावाचे, उकडलेले, एवढे मोठ्ठे. राजा म्हणाला, विचार त्यांना, अजून हवेत का. बाबांनी वाकून खुर्चीला विचारलं. थोडं थांबले. आणि म्हणाले..."

"नको म्हणतायत, महाराज!"

आफ्रा खिदळत मागे कलंडली. खरं तर ते सूप होतं. पण सुपाला आफ्रा कधी हसलीच नसती, म्हणून झेन्झीने त्याचे गोळे केले होते. राजाने त्यावर हसून कोर्बिनियानच्या खांद्यावर थाप मारली होती, तेवढं मात्र ती जसंच्या तसं सांगे.

"बुटवाला काका पण हसला होता," आफ्रा म्हणाली.

कोर्बिनियानने चमचा खाली ठेवला, टोपी घेतली आणि तो बाहेर गेला. मेपासून तो असाच ही गोष्ट निघाली की उठून जाई. थोड्या वेळाने लाकडं फोडल्याचा आवाज येऊ लागला. हिवाळाभर पुरतील एवढी लाकडं केव्हाच फोडून झाली होती. पोटात पाप असल्याशिवाय माणूस आपल्याच गोष्टीला इतका कशाला भिईल, असं झेन्झीच्या मनात आलं आणि तिने आफ्राला घट्ट धरलं.

दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यावर सगळा गाव कबरस्तानात जमला. पाद्र्याने पवित्र पाणी शिंपडलं. आफ्रा लोकांच्या हातांकडे बघत होती. तिच्या बरोबरीच्या सगळ्या पोरांच्या काखेत वेण्या होत्या. ती रडली नाही, फक्त आईच्या शालीत शिरून उभी राहिली. झेन्झीला ते बघवेना. तिने फाटकाशी वाल्बुर्गाला गाठलं.

"माझ्याशी बोलू नकोस. पण त्या लेकराला पाण्यातून तू उचलून घेतलंस. कशावरून म्हणतेस गं, कोर्बिनियानने सांगितलं? पुरावा काय?"

"खरंच ऐकायचंय?" वाल्बुर्गाचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, कळेना. "माझा भाऊ म्युनिकला कोचमन आहे, ठाऊक आहे तुला. मोठे लोक गाडीत बसून बोलतात. कोचमनला काय, कान नसतात? म्हणे, राजा खुर्चीला जेवू घालायचा. नोकराला दोन पावाचे गोळे रिकाम्या ताटात वाढायला लावायचा. हसत होते मेले, दोन गोळे, दोन गोळे म्हणून. आता तूच सांग, त्या टेबलाला वाढायला कोण होतं?"

झेन्झीने चाचपडत आफ्राचा हात धरला. त्या ताटात सूप होतं; गोळे तिने स्वतः घातले होते.

"बघ," वाल्बुर्गा म्हणाली आणि निघून गेली.

घरी परतताना आफ्राचा हात तिच्या हातात होता, पण चालत होती आफ्राच. झेन्झीला दिसत होता ईस्टरनंतरचा तो दिवस. अंगणातला बाक, चिखलाने भरलेले शहरी बूट, त्या बुटांतला तो गोड बोलणारा गृहस्थ. वाट चुकलोय म्हणाला. ताक मागितलं, दोनदा मागितलं. पोर किती गोड आहे म्हणाला. आमचा राजा फार मायाळू हो, म्हणत तिने आफ्राला मांडीवर घेतलं होतं. आफ्राला हसवायलाच ती गोष्ट सांगितली होती. तोही हसला होता. आणखी आहेत का अशा गोष्टी, म्हणाला होता. होत्या. तिने सांगितल्या होत्या.

कोर्बिनियान टेबल मांडून बसला होता. दोन रिकाम्या खुर्च्या, एक त्याच्या आईची, आणि यंदा खोऱ्यातल्या प्रत्येक घरात होती तशी एक राजाची. आज घराघरांत लोक रिकाम्या खुर्चीला वाढत होते, आणि कुणी कुणाला वेडं म्हणत नव्हतं.

झेन्झीने राजाच्या ताटात सूप ओतलं.

"गोळे कुठेत?" आफ्राने विचारलं. "आई, राजाचे दोन गोळे?"

झेन्झी पळी धरून तशीच उभी राहिली. कोर्बिनियान उठला. आता टोपी घेईल, असं तिला वाटलं. तो चुलीकडे गेला, घरच्यांसाठी उकडत ठेवलेल्या पातेल्यातून त्याने दोन गोळे काढले आणि राजाच्या सुपात हलकेच सोडले.

"हे बघ. दोन."

"त्या दिवशी एवढेच होते? की मोठे?"

"तुझी आई सांगते तेवढे," तो म्हणाला.

झेन्झीने त्याच्याकडे पाहिलं. मेपासून तो ज्या तसबिरीकडे पाठ करून बसत होता, तिच्याकडे आज तोंड करून उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता. फार लांबून ओझं आणलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता.

तिने खुंटीवरचा रुमाल काढून डोक्याला बांधला.

"वाल्बुर्गाकडे जाऊन येते."

"आज नको."

"कोर्बिनियान..."

"म्युनिकला त्यांनी गोळ्यांचंच विचारलं. मी म्हणालो, हो, मीच सांगत सुटलो होतो गावभर. झालं ते झालं. माझ्याशी नाही बोलले लोक, तरी चालतं. पोरीच्या आईशी..." त्याने आफ्राकडे पाहिलं आणि पुढचं बोलला नाही. "बस. सूप गार होईल."

आफ्रा खुर्चीवर गुडघे टेकून राजाच्या ताटापुढे वाकली होती. "अजून हवेत का?" तिने अदबीने विचारलं, आणि कान देऊन वाट पाहत राहिली.

कोर्बिनियानने करपलेली वेणी मोडली आणि त्यातला चांगला भाग लेकीपुढे ठेवला. झेन्झी रुमालाची गाठ न सोडताच जेवायला बसली.