राखलेली जागा

हेमांगीने ओळीच्या डाव्या कडेला क्लिक केलं, तसा तिथे लाल ठिपका उमटला. मग तिने प्रोग्राम चालू केला, पाठीमागच्या उशीला टेकली आणि तो ठिपक्यापाशी येऊन थांबायची वाट पाहू लागली.

तो थांबला नाही.

ठिपक्याचं काम साधं असतं. जावाचा कोड ज्या एडिटरमध्ये लिहायचा, त्यातच हवी ती ओळ पकडून ठेवायची सोय असते. प्रोग्राम चालता चालता त्या ओळीशी आला की उभा राहतो आणि मग त्याच्या खिशात काय काय आहे ते निवांत तपासता येतं. नाकाबंदीला गाडी बाजूला घेतात तसं. हेमांगीने नाकाबंदी लावली होती, पण रस्त्यावर गाडीच नव्हती.

सकाळी तक्रार आली होती. आरे कॉलनीतल्या एका बाईच्या मोबाइलवर शाळेची बस दारात पोचल्याचं दिसलं, ती खाली उतरली, आणि बस खरं म्हणजे अजून जंगलातल्या वळणांवर रेंगाळत होती. तक्रारी नेहमी विनिताकडे जायच्या. आज विनिता मीटिंगमध्ये होती आणि तक्रारी घेणारी तेजल नवीन होती. बस किती मिनिटांत येईल ते सांगणाऱ्या 'आगमन' नावाच्या भागावर हेमांगीचं नाव होतं, म्हणून तिने ती सरळ हेमांगीला पाठवली. त्यात तेजलची काही चूक नव्हती.

आणि हेमांगी खूश झाली होती. आरेचा रस्ता तिने स्वतः त्या कोडमध्ये घातला होता. मरोळच्या या ऑफिसात मोजून सात माणसं होती, तेव्हा ती शाळेच्या बसमध्ये ड्रायव्हरमागे बसून हिंडली होती. साकीनाक्याची पाच मिनिटं ही पाच मिनिटं नसतात, गणपती आणायच्या दिवशी कुठला रस्ता धरू नये, आरेत म्हशी रस्त्यात बसल्या की हॉर्नचा उपयोग नाही, असलं सगळं तिने जावात बसवलं होतं. लोक थट्टेने 'आगमन'ला हेमांगीचं बाळ म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं. तेव्हा बाळाला काय झालंय ते बघणं तिचंच काम होतं.

तिने सगळं पुसून कोड नव्याने बांधला. ठिपका तसाच. मशीनवर जावाच्या दोन आवृत्त्या होत्या; एडिटर एक धरतो आणि प्रोग्राम दुसरी, असं होतं कधी कधी, म्हणून तेही तपासलं. एडिटर मध्येच गोठला, तर त्याला जास्त मेमरी दिली. एवढे लाड तिने घरातल्या कुणाचे केले नव्हते.

शेजारच्या टेबलावरच्या कृणालने हेडफोन न काढताच सल्ला दिला, की कॅशे उडव आणि रीस्टार्ट मार. या धंद्यातलं हे हळदीचं दूध. काहीही दुखलं तरी आधी हेच देतात, आणि दहात चार वेळा लागूही पडतं. हेमांगीने तेही केलं. एडिटर पुन्हा उघडला आणि सगळ्या फायली पहिल्यापासून वाचायला बसला. खालची निळी पट्टी मुंगीच्या पायांनी सरकू लागली. डॉक्टरने फार वेळ बसू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून ती उठून खिडकीपर्यंत चालून आली.

पाठीचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं होतं. गणपतीच्या आधी ती खाटेला खिळली, ती शिमगा उलटल्यावरच ऑफिसात परतली. त्या दिवशी तिच्या खुर्चीवर ही नवी उशी होती. विनिताने आणली होती. दोघींची मैत्री जुनी, जावाच्या क्लासात एका बाकावर बसल्यापासूनची. मुलुंडच्या या मुलीने आयुष्यातला पहिला ओला बोंबील खारदांड्याला हेमांगीच्या घरी खाल्ला होता. हेमांगीची आई सगुणा तिला अजून 'मुलुंडवाली' म्हणते आणि सणाला डबा पाठवते.

उशी बघून हेमांगीला भरून आलं होतं. तू माझी जागा राखलीस, असं ती विनिताला म्हणाली, आणि मग तिने आईची गोष्ट सांगितली. आईचा पाय मोडला होता, तेव्हा मासळीबाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या वनमाला मावशीने आईची मासळीची पाटी रोज तिच्या जागेवर पालथी घालून ठेवली. कुणाला तिथे टेकू दिलं नाही. आई परत बाजारात बसली, त्या पहिल्याच सकाळी वनमाला मावशी म्हणाली होती, "तुजी दोन गिऱ्हाईकं मी खाल्ली, सगुणा. ती आता तुला मिलनार नाय." आईने तिला चार शिव्या घातल्या, दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी दोघी एका डब्यात जेवल्या.

गोष्ट ऐकून विनिता खूप हसली होती.

"मी नाही हां तुझं एकही गिऱ्हाईक खाल्लं," ती म्हणाली होती.

निळी पट्टी संपली. हेमांगीने प्रोग्राम चालवला. तो ठिपक्यावरून असा गेला, जणू तिथे काही नव्हतंच.

मग तिने वेगळं करून पाहिलं. आपल्या कोडमध्ये ठिपका न ठेवता, जिथून आपल्या कोडला हाक मारली जाते तिथे ठेवला. तिथे प्रोग्राम शहाण्यासारखा थांबला. ती मनात म्हणाली, आता सापडलास. तिने एक पाऊल आत टाकायचं बटण दाबलं आणि पडद्यावर 'आगमन' उघडलं.

नाव तेच होतं. आतलं एकही अक्षर तिचं नव्हतं. साकीनाका नव्हता, गणपती नव्हते, म्हशी नव्हत्या. दुसऱ्याच कुणीतरी बांधून बंद केलेल्या गठ्ठ्यातून ते येत होतं, आणि बसच्या जुन्या फेऱ्यांवरून आपलं आपण गणित शिकत होतं.

"कृणाल, हे कुठून उचलतंय?"

त्याने मान वळवून पाहिलं. "नवीन इंजिनमधून. बरोबर आहे की. विनिताने बदललं तेव्हापासून तिथूनच येतं. जुनं नुसतं पडलंय यार, त्याला कोण..."

बोलता बोलता तो कुणाशी बोलतोय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने हेडफोन सारखा केला आणि आपल्या पडद्यात डोकं घातलं. त्याचे कान लाल झाले होते.

हेमांगी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शिमग्यापासून तिने काय काय केलं होतं ते एकेक आठवू लागलं. मेट्रोच्या कामाने बदललेले रस्ते घातले होते. नारळी पौर्णिमेची मिरवणूक घातली होती. एका रविवारी पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून, पालथं पडून कोड लिहिला होता. एकेका तुकड्याच्या चाचण्या तिच्या मशीनवर नीट चालायच्या, म्हणून अख्खा प्रोग्राम चालवून बघायची वेळच आली नव्हती. यातल्या एकाही ओळीवरून एकही बस गेली नव्हती. चाचणी विभागातली गंधाली म्हणायची, तुझ्या कामात तपासायला काही नसतंच गं. हेमांगीने ते कौतुक म्हणून घरी सांगितलं होतं. आता त्या वाक्याची तिला शिसारी आली. सगळ्यांना माहीत होतं. चहा आणणाऱ्यालासुद्धा माहीत असेल, असं तिला वाटून गेलं.

विनिता मीटिंगमधून बाहेर पडली, तेव्हा हेमांगी पॅन्ट्रीच्या दाराशी उभी होती. तिने फार काही विचारलं नाही. ठिपका थांबत नाही, एवढंच सांगितलं. विनिताच्या हातातला कप तिथेच थांबला.

मग विनिताने सगळं सांगितलं, आणि खरंच सांगितलं. हेमांगी खाटेवर होती, तेव्हा शाळांची घाई होती, म्हणून तिने नवं इंजिन लिहिलं. ते चांगलं चाललं. हेमांगी परत यायची वेळ झाली, तेव्हा वरच्या श्यामसुंदर सरांनी तिचं नाव यादीतून काढलं होतं. तिच्यासाठी काम नाही म्हणाले. तेव्हा विनिताने त्यांना पटवलं, की नवं इंजिन कधी बंद पडलं तर जुनं आधाराला हवं, आणि ते सांभाळायला हेमांगी हवी.

"नवं कधी बंद पडलं?" हेमांगीने विचारलं.

"नाही गं."

"पडणार होतं?"

विनिताने कप ओट्यावर ठेवला. म्हणाली, "तुझी पाठ तशी. घरी आता तू एकटी कमावती. मी काय करायला हवं होतं सांग ना. तू जरा उभी राहिलीस की सांगणारच होते."

"मी रोज उभी राहून जेवत होते, विनिता. बसवत नव्हतं म्हणून. तेव्हा सांगायचं होतंस."

विनिताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हेमांगीला तिचा रागही आला आणि दयाही आली. नोकरी वाचवली हे खोटं नव्हतं. पण खोट्या चुलीवर रिकामं भांडं ठेवून तिला ढवळत बसवलं होतं, आणि येता-जाता वास छान सुटलाय म्हणून सांगितलं होतं. हे शत्रूने केलं असतं तर तिने एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

जाता जाता तिने एकच गोष्ट विचारली. इथे कुणाचाही कोड दुसऱ्या कुणी वाचून होकार दिल्याशिवाय पुढे जात नसे. हेमांगीचा कोड विनिता वाचायची. दर वेळी तिचा होकार यायचा, खाली दोन शब्द असायचे, छान गं किंवा झकास गं. त्या दोन शब्दांसाठी हेमांगी थांबायची.

"मी पाठवायचे ते तू वाचायचीस तरी ना?"

"प्रत्येक ओळ," विनिता म्हणाली. "शप्पथ, हेमू. चालत नसलं म्हणून काय झालं, तुझं काम मी मनापासून वाचायचे."

हेमांगीने मान हलवली. त्याने तिला खरंच थोडं बरं वाटलं. बस गेल्या नसतील, एक माणूस तरी त्या रस्त्याने गेलं होतं.

ती जागेवर आली आणि 'आगमन' उघडून वरपासून खालपर्यंत एकदा वाचलं. कोड चांगला होता. मग तिने सगळ्या फायली निवडल्या आणि पुसून टाकल्या. त्यांच्या चाचण्याही पुसल्या. प्रोग्राम बांधायला लावला आणि खुर्चीच्या कडेवर पुढे सरून बसली. कुठेतरी काहीतरी तुटेल, एखादी ओळ तरी तिचं नाव घेऊन ओरडेल, अशी तिला आशा होती. सगळं हिरवं आलं. कुठेही काहीही अडलं नाही.

तिने तो बदल नेहमीसारखा विनिताकडे वाचायला पाठवला. मथळा दिला, 'आगमन: साफसफाई'. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. उघडणाऱ्याला पानामागून पान लाल दिसलं असतं, पुसलेल्या ओळींचं, आणि नवी ओळ एकही नाही. वाचायचीही गरज नव्हती, नुसती नजर टाकली तरी पुरे होतं. विनिता धावत येईल, हे काय केलंस म्हणेल, आणि मग काय बोलायचं ते हेमांगी ठरवत होती. आपण कदाचित रडू, असंही तिला वाटत होतं.

काचेच्या खोलीत विनिताची पुढची मीटिंग सुरू झाली होती. हेमांगीला इथून ती स्पष्ट दिसत होती. विनिता हातवारे करत श्यामसुंदर सरांना काहीतरी समजावत होती. टेबलावरचा तिचा फोन उजळला. तिने बोलता बोलताच तो हातात घेतला, अंगठा चार-पाचदा टेकवला, आणि फोन पालथा घातला. तिचं वाक्यही तुटलं नाही.

हेमांगीच्या पडद्यावर होकार आला. खाली लिहिलं होतं, 'झकास गं'.

हेमांगी त्या दोन शब्दांकडे बराच वेळ बघत राहिली. रडू आलं नाही. मग तिने बटण दाबलं, आणि 'आगमन' कायमचं गेलं. समोरच्या भिंतीवर मोठा नकाशा होता, त्यावर पिवळ्या बस सरकत होत्या. त्या तशाच सरकत राहिल्या. कृणालने चोरून तिच्याकडे पाहिलं आणि कॉफी हवी का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली.

आरेच्या बाईची तक्रार अजून उघडीच होती. ती बाई उद्याही मुलासाठी खाली येऊन उभी राहणार होती, आणि बस तिला पुन्हा फसवणार होती. हेमांगीने तक्रारीवरचं आपलं नाव काढून तिथे विनिताचं घातलं. खालच्या रकान्यात लिहिलं, 'हे गिऱ्हाईक तुझं. एवढं मात्र वाच.'

तिने पाठीमागची उशी काढली, विनिताच्या रिकाम्या खुर्चीवर नेऊन ठेवली, आणि पर्स घेतली. काचेपलीकडे टेबलावरचा पालथा फोन पुन्हा थरथरला. विनिताने बोलता बोलता, न बघताच त्याच्यावर हात ठेवला.