शलाकाचा नववा भाग

मित्रांनो, मी एक जुना भाग आहे. भाग म्हणजे मालिकेचा. नववा. वय सहा वर्षं, लांबी बावीस मिनिटं, आणि खरं सांगायचं तर आता मी फार दमलो आहे.

मालिकेचा भागसुद्धा दमतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. आमची नायिका शलाका माझ्यात तीनदा उडते, दोनदा आपटते आणि एकदा भरलेला टेम्पो पाठीवर उचलते. कोणीही मला लावलं की हे सगळं पहिल्यापासून. सुट्टी म्हणून नाही.

माझा जन्म नाशिकचाच. शलाका ही एका वायरमनची मुलगी. विजेचा धक्का बसून तिच्या अंगात ताकद आली, अशी गोष्ट. अंबडच्या एका बंद कारखान्यात एप्रिलच्या उन्हात माझं चित्रीकरण झालं. पत्रे इतके तापायचे की शलाकाचा निळा पोशाख घामाने भिजून जाई आणि दर तासाला तो पिळून वाळत घालावा लागे. पण माझा जीव काही त्या उड्यांमध्ये नव्हता. तो होता सतराव्या मिनिटात. तिथे शलाका जखमी होऊन घरी येते आणि आईला सांगते, "रेवा माझी नुसती मैत्रीण नाही. माझं प्रेम आहे तिच्यावर. मला जन्मभर तिच्याबरोबर राहायचंय." मग आई उत्तर देते. ते एक उत्तर द्यायला आईचं काम करणाऱ्या वयस्कर बाईंनी अख्खा दिवस घेतला. शेवटी जमलं, तेव्हा दिवे धरणाऱ्या माणसांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

पुढे मला वाहिनीच्या कचेरीत नेलं. तिथल्या साहेबांनी मला दोनदा पाहिलं. म्हणाले, मुलगी बोलली ते एक वेळ राहू द्या, पण आईनेच असं उत्तर दिलं तर तक्रारी येतील. झालं! आईचं उत्तर कापलं. आता शलाका बोलते, आई मान वर करते आणि लगेच पुढची मारामारी सुरू होते. ते उत्तर काय होतं, हे आता मलाही आठवत नाही.

पहिल्या वर्षी माझं कौतुक झालं, तेही टेम्पोचं. निळे रुमाल बांधून पोरं ओट्यांवरून उड्या मारत, आणि कोणाकोणाचे गुडघे फुटले त्याबद्दल मी आजही दिलगीर आहे. मग नव्या मालिका आल्या आणि मी एका ॲपच्या तळाशी जाऊन पडलो. वर्ष वर्ष कोणी फिरकलं नाही. वाईट वाटलं, पण पाठ टेकायला मिळाली.

अशातच गेल्या वर्षी, एका सोमवारी दुपारी, सिडकोतल्या एका घरात चैतालीने मला लावलं.

चैताली चोवीस वर्षांची, अंबडला मशीनवर काम करणारी. तिची आई सिंधुबाई मूळची चांदवडकडची. तीही अंबडलाच, पण दुसऱ्या कारखान्यात, पॅकिंगला. घरात दोघीच. दोघींचीही कारखान्यात पहिली पाळी, त्यामुळे अडीच-तीनला घरी. हातपाय धुऊन सिंधुबाई भिंतीला टेकून पाय पसरणार आणि टीव्ही सुरू होणार.

त्या घरात एक पद्धत होती. पडद्यावर बाई आणि पुरुष जरा जवळ आले की सिंधुबाई रिमोट उचलून बातम्या लावायच्या. कोणी काही बोलायचं नाही. किती वेळाने परत यायचं, याचा त्यांचा अंदाज कधी चुकला नाही. पण शलाका आणि रेवाच्या वेळी त्यांनी रिमोटला हातही लावला नव्हता. माझ्या आधीचे आठही भाग त्यांनी मन लावून पाहिले. शलाकाने रेवाचा हात धरला, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, तरी सिंधुबाई खूश. "बघ, जीवाला जीव देणाऱ्या पोरी. नायतर आमच्या लाईनीवरच्या बाया!" दोन पोरीच तर आहेत, त्यात काय लपवायचं, असा त्यांचा साधा हिशेब. हर्षालीबद्दलही तोच. हर्षाली चैतालीच्या शेजारच्या मशीनवरची. दर रविवारी जेवायला यायची, आणि सिंधुबाई तिला जाताना खुरासणीची चटणी बांधून द्यायच्या.

त्या आठवड्याच्या रविवारी मात्र वणीचे पाहुणे चैतालीला बघायला येणार होते. त्याआधी तिला आईला हर्षालीबद्दल सगळं सांगायचं होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. म्हणून तिने ते काम माझ्यावर टाकलं.

सोमवारी मी निम्म्यावर आलो नाही तोच सिंधुबाई घोरायला लागल्या. मंगळवारी चैतालीने चहा कडक केला. तरी सतरावं मिनिट आलं आणि आईचे डोळे मिटलेले. बुधवारी तेच, गुरुवारी तेच, शुक्रवारी तर मीच कंटाळलो. रोज शलाकाने जीव गोळा करून बोलायचं, चैतालीने आईच्या तोंडाकडे बघायचं, आणि आई झोपलेली दिसली की टीव्ही बंद करून भांडी घासायला जायचं. एवढी ताकद असलेली नायिका माझ्या पोटात, पण एका बाईच्या पापण्या तिला उचलता येत नव्हत्या.

शनिवारी सतरावं मिनिट आलं. शलाका बोलली. चैताली उठली आणि तिने रिमोट उचलला.

"राहू दे," सिंधुबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते.

"आई, तू जागी आहेस?"

"सोमवारी खरंच झोपले होते. मंगळवारपास्नं जागीच हाय. तिची आई काय म्हणती, ते ऐकू दे. रोज तिथंच बंद करतीस तू."

मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. शलाकाच्या आईने मान वर केली, आणि मी मारामारी सुरू केली. दुसरं माझ्याकडे होतं तरी काय?

"हे काय? आई बोललीच नाय?"

"तेवढं कापलंय, आई."

"कापलंय?" आता सिंधुबाईंनी डोळे उघडले. "आन मी चार दिवस तिच्याच भरवशावर पडलेली! म्हनलं ती काय बोलती ते बघू, मग आपन बी तेच बोलू."

चैताली खाली बसली. माझी मारामारी चालूच होती, पण तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"हर्षालीच्या घरी माहीत हाय का?" सिंधुबाईंनी विचारलं.

"नाही."

"मला हे समजत नाय, चैताली. लय इचार केला. डोकं दुखलं, तुझा राग बी आला. पन तू रोज टीव्ही सोडून माझ्या तोंडाकडं बघत बसायचीस. घाबरलेली. मला दिसत व्हतं ना पापनीतून. आपल्याच घरात, आपल्याच पोरीनं असं बसायचं?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "फोन दे इकडं."

त्यांनी वणीला फोन लावला. "हां, मी सिंधुबाई. उद्या येऊ नका. नाय, तब्येत बरी हाय. पोरीच्या मनात नाय. पुढं कधी? पुढं बी नाय." पलीकडचे बराच वेळ बोलत होते. सिंधुबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाल्या, "लोकांचं मी बघते."

त्यांनी फोन ठेवला. चैतालीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती मोठ्याने रडली.

मित्रांनो, मी थकलेला भाग आहे, तुम्हाला फार काही शिकवणार नाही. एवढंच मागतो. तुमच्या घरात कोणी तुमच्यासमोर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लावत असेल, तर पडद्याकडे नाही, त्या माणसाकडे बघा. आणि उत्तर द्यायची वेळ आली, तर ते आमच्यासारख्यांकडे शोधू नका. आमच्याकडे ते नाही. ते तुम्हालाच द्यायचं आहे, आणि समोरचं माणूस वाट बघतंय.