जुमादिलच्या कोपऱ्यातला हीटर

विजेची डबी सकाळपासून तिसऱ्यांदा खट्कन पडली तेव्हा उमुतकान आपाने तिला चांगलंच खडसावलं. "पुन्हा गेलीस? एवढासा तुझा जीव आणि केवढा हा तोरा!"

मीटरखाली ही पांढरी डबी बसून महिना झाला होता. बिश्केकला राहणाऱ्या मुलाचा हट्ट. आईला शॉक बसू नये, तारांनी पेट घेऊ नये, म्हणून त्याने माणूस पाठवून ती लावून घेतली. तेव्हापासून खिडकीजवळच्या कोपऱ्यात हीटर लावला की खट्, आणि सगळ्या घराची वीज गुल. तोच हीटर स्वयंपाकघरात नेला की निमूट चालायचा. कोपऱ्यात साधा दिवा लावून पाहिला, तरी खट्. हीटर चांगला, दिवा चांगला, डबी नवी. मग बिघडलंय काय, हे तिच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

कोपरा तिच्या नवऱ्याचा. जुमादिलने तिथलं सॉकेट स्वतःच्या हाताने बसवलं होतं, बालिक्ची गावात कारखाने बंद पडले आणि घरं गारठली त्या वर्षांत. त्याच्यासारखा हात अख्ख्या इमारतीत कुणाचा नव्हता. त्याला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. बाकी घर सोडून त्याच्याच कोपऱ्यावर डबी डूख धरते, म्हणजे तोच रुसला असणार, असं तिने ठरवून टाकलं. म्हणून गेल्या शुक्रवारी त्याच्या नावाने कणकेचे दुप्पट बोर्सोक तळले, तेलाचा वास त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून भर थंडीत खिडकी उघडली, मग हात पुसून हीटर लावला. खट्.

शेवटी तिने कुबातला बोलावलं. कुबात पन्नाशीचा, वायरिंगचं काम करणारा, जुमादिलकडेच पक्कड धरायला शिकलेला.

"ही डबी काढून टाक बाबा," ती म्हणाली. "सरळ तार जोड. इतकी वर्षं डबीवाचून कोण मेलं?"

"काढतो की. पण आपा, ती उगाच पडत नाही. एका तारेने जेवढी वीज आत जाते, तेवढीच दुसऱ्या तारेने परत यायला हवी. थोडी जरी भलत्या वाटेने गेली की ही सगळं बंद करते. भलती वाट म्हणजे कधी ओली भिंत, कधी माणूस."

"माझ्यातून तर जात नाही. मग जाते कुठे?"

"तेच तर मलाही कळेना."

इतक्यात दारात खालच्या मजल्यावरची शारिपा उभी राहिली. तिची नात चालायला लागली होती. रविवारी तिच्या पायांना दोरी बांधून ती कापायचा समारंभ होता, त्याचं आमंत्रण घेऊन आली होती.

"तुझ्याकडेच ना?" उमुतकानने विचारलं.

"नाही, लेकीकडे. माझ्याकडे ती पोरीला ठेवत नाही, ठाऊक आहे तुला." शारिपा कसनुसं हसली. "पण आता ठेवील बहुतेक. महिना झाला, रेडिएटर चावला नाही मला. डॉक्टरच्या गोळ्या लागू पडल्या अखेर."

ती गेली तसा कुबात हळूच म्हणाला, "बिचारी."

शारिपाच्या खोलीतला गरम पाण्याचा लोखंडी रेडिएटर म्हणजे इमारतीतली जुनी गंमत होती. एक हात नळावर आणि दुसरा रेडिएटरवर ठेवला की चावतो, झटका बसतो, असं ती इथे राहायला आल्यापासून बारा वर्षं सांगत आली होती. जुमादिल दर वेळी टेस्टर घेऊन खाली जायचा, काही सापडायचं नाही, वर येऊन म्हणायचा, "रेडिएटर ठीक आहे, बाई तपासायला हवी." उमुतकान पोट धरून हसायची.

कुबातने सॉकेट उघडलं. आत वाकून पाहिलं. मग खिडकीखालच्या रेडिएटरवर जुमादिलने ठोकलेली लाकडी जाळी त्याने उचकटली. सॉकेटमधून निघालेली एक तार भिंतीतून तिथे आली होती आणि गरम पाण्याच्या पाइपला पट्टीने आवळलेली होती.

"परतीची तार इथे जोडलीय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तेव्हा बरेच जण करायचे. पाइपातून वीज परत गेली की जुना मीटर फिरत नसे."

उमुतकानला एकदम काही उमगेना. आपला मीटर मोठा आळशी आहे, असं जुमादिल म्हणायचा खरा. तिला वाटायचं, थट्टा. "पण हा पाइप तर..."

"खाली जातो. शारिपाआपांकडे."

"मग त्याच्या टेस्टरला कसं काही सापडलं नाही?"

"हीटर बंद असला तर काय सापडणार?"

ती खाटेवर बसली. तिला जुमादिल दिसला, खुर्चीतून उठणारा, वाकून हीटरचा प्लग काढणारा, मग टेस्टर खिशात घालून खाली निघालेला. दर वेळी. किती जपून वापरतो माझा नवरा, असं वाटून तिला कौतुक वाटायचं. आणि तो गेल्यावर दोन हिवाळे हीटर तिनेच लावला होता.

"तार कापतो, जाळी पुन्हा ठोकतो," कुबात म्हणाला. "कुणाला कळणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल कशाला उगाच..."

"काप," ती म्हणाली आणि शाल घेऊन बाहेर पडली.

जिना उतरताना तिला धड रडूही येईना आणि रागही येईना. तीस वर्षं ज्याच्या शेजारी आपण झोपलो तो माणूस कोण होता, हेच तिला समजत नव्हतं.

शारिपाने सगळं उभ्यानेच ऐकलं. मग टेबलावरची गोळ्यांची डबी उचलली, निरखली, पुन्हा खाली ठेवली.

"म्हणजे मला काही झालेलं नव्हतं?"

"नव्हतं."

शारिपाने फोन काढला, लेकीचा नंबर लावला आणि तो उमुतकानच्या हातात दिला. "मी सांगितलेलं तिला पटत नाही. तू सांग. सगळं सांग."

पलीकडून "हं, आई?" असं ऐकू आलं. मागे लहान पोर काहीतरी बडबडत होतं.

"मी वरची उमुतकान आपा बोलतेय," ती म्हणाली. "तुझी आई खरं बोलत होती. वीज आमच्या घरातून यायची." शारिपा तिच्याकडे एकटक बघत होती. "आणि जुमादिलला ते ठाऊक होतं."